पेपरात पाऊस दिलेला असतो, साइटवर नसतो: बडोद्यातल्या सिव्हिलच्या अभ्यास मंडळांना खुलं पत्र

प्रति,
बडोदा आणि आसपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची सिव्हिलची अभ्यास मंडळं, विभागप्रमुख आणि शिकवणारे सगळे सर-मॅडम,

सादर नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येते. सिलॅबस बदलायची वेळ आली की हल्ली एक प्रस्ताव हमखास येतो, सस्टेनेबिलिटी आणि क्लायमेट चेंज असा एक वेगळा विषय ठेवू, दोन क्रेडिटचा, सहाव्या नाहीतर सातव्या सेमला, इलेक्टिव्ह म्हणून. हेतू चांगलाच आहे. पण माझी कळकळीची विनंती आहे की तेवढ्यावर थांबू नका, आणि माणसं किंवा तास कमी पडत असतील तर तो वेगळा विषय राहू दे बाजूला, आधी हायड्रॉलॉजी, काँक्रीट, सॉइल, एस्टिमेटिंग या नेहमीच्या विषयांतली गणितं बदला. कारण नोकरीला लागल्यावर कुणी इलेक्टिव्हची वही उघडून बघत नाही, चार वर्षं जी गणितं हाताखालून गेली तीच करतात, तशीच, त्याच आकड्यांनी.

मी इथेच शिकले आणि बरीच वर्षं इथेच काम करते, पावसाळी लाइनी, ड्रेनेज, सोसायट्यांचे लेआउट वगैरे. ऑफिसात फ्रेश मुलंमुली येत असतात. हुशार असतात, सॉफ्टवेअर तर आमच्यापेक्षा भराभर चालवतात. मागे एकाला नव्या सोसायटीची स्टॉर्म वॉटर लाइन करायला दिली, दहाएक हेक्टर जागा. त्याने शीट सुंदर करून आणली, रॅशनल मेथड (पाऊस आणि जागेवरून वाहणारं पाणी काढायची पद्धत), पाइपचा डाया, स्लोप, इन्व्हर्ट लेव्हल, सगळं जिथल्या तिथे. मी विचारलं, पावसाची इंटेन्सिटी ताशी ६० मिलिमीटर घेतलीस ती कुठून आणली? तो जरा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, पेपरात एवढीच असते ना."

मुलगा खोटं बोलला नाही. पेपरात खरंच तेवढंच असतं, इंटेन्सिटी इतकी, क्षेत्रफळ इतकं, रनऑफ कोइफिशियंट (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा) इतका, डिस्चार्ज काढा, पाच मार्क. तीन आकडे फॉर्म्युल्यात टाकायचे आणि उत्तराखाली दोन रेघा मारायच्या. आता जी खरी इंजिनिअरिंग आहे ती सगळी त्या तीन आकड्यांच्या आधी होऊन गेलेली असते. कुठल्या पावसाच्या गेजचा डेटा, किती वर्षांचा, तासाचा पाऊस मोजलेला की दिवसाचा, रिटर्न पिरियड, म्हणजे किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस, किती धरायचा आणि तो कुणी ठरवायचा, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांचा पाऊस पुढच्या पन्नास वर्षांना लागू पडेल असं आपण कशाच्या जोरावर म्हणतोय. यातलं काही म्हणता काही मुलाला चार वर्षांत एकदाही स्वतः ठरवावं लागत नाही. माझं सगळं पत्र या एका गोष्टीसाठी आहे. क्लायमेट चेंज म्हणजे काय ते मुलांना माहीत आहे, शाळेपासून ऐकतायत, ग्रीनहाउस इफेक्टची आकृती झोपेतसुद्धा काढतील. त्यांना आकडा निवडायला शिकवा आणि निवडला तो का, हे लेखी मागा.

पर्यावरणाचा विषय आपल्याकडे नवा नाही. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण शिक्षण सगळीकडे सक्तीचं करायला सांगितलं, नंतर यूजीसीने डिग्रीच्या सगळ्या मुलांसाठी सहा महिन्यांचा कोअर कोर्स आणला. तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, २०१८ च्या मॉडेल सिलॅबसमध्ये एन्व्हायर्नमेंटल सायन्स मँडेटरी आहे पण नॉन-क्रेडिट, आणि नॉन-क्रेडिट म्हटल्यावर मुलं त्याला किती वेळ देतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. कोर्सना मानांकन देणाऱ्या एनबीएने इंजिनिअरला काय काय यायला पाहिजे याची जी बारा आउटकम्स ठरवली होती त्यातलं सातवं सरळ एन्व्हायर्नमेंट अँड सस्टेनेबिलिटी होतं, त्यामुळे प्रत्येक विभागाच्या फाइलीत त्याचं मॅपिंग आहे, टेबलात एक, दोन, तीन असे आकडे भरलेले आहेत. कागदावर सगळं आहे. गणितात नाही.

आणि बडोद्यात बसून हे शिकवायला आपल्याला परदेशातली उदाहरणं शोधायची काय गरज आहे? ३१ जुलै २०१९ ला या शहरात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री काळाघोड्याच्या पुलाशी ३७ फुटांच्या घरात गेली, धोक्याची पातळी २६ फूट. म्हणजे अकरा फूट वर, एक अख्खा मजला. ही नदी पावागडावरून निघते, वळणं घेत घेत शहराच्या पोटातून जाते, पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. वर आजवा धरण आहे बासष्ट दरवाज्यांचं. पोरं रोज बसने या नदीवरून कॉलेजला येतात आणि हायड्रॉलॉजीच्या पेपरात त्यांना 'अ सर्टन कॅचमेंट' नावाच्या कुठल्यातरी खोऱ्याचा युनिट हायड्रोग्राफ (पावसानंतर पाणी कसं चढतं-उतरतं त्याचा आलेख) काढायला सांगतात. विश्वामित्रीचाच द्या ना. पावागडला पाऊस पडला की काळाघोड्याला पाणी चढायला किती वेळ लागतो, आजव्यातून सोडलेलं पाणी आणि शहरातल्या पावसाचं पाणी एकाच वेळी आलं तर काय, हे एकदा स्वतः काढलेला मुलगा टाइम ऑफ कॉन्सन्ट्रेशन आयुष्यात विसरणार नाही.

इथे एक गोष्ट मला जोर देऊन सांगायची आहे, कारण क्लायमेटच्या नावाखाली ती दडपली जाते. पूर आला की आजकाल सगळ्यांना एक सोपं उत्तर मिळालंय, क्लायमेट चेंज आहे हो, कोण काय करणार. मुलांना हे उत्तर देऊ देऊ नका. हवा एक डिग्रीने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं, हे फिजिक्स आहे, त्यामुळे थोड्या वेळात कोसळणारा पाऊस वाढतो हे खरंच. पण त्याच दहा हेक्टरचं गणित करून बघा. ताशी ६० मिलिमीटर पाऊस, जमीन शेताची असताना रनऑफ कोइफिशियंट ०.३ धरला तर सेकंदाला अर्धा घनमीटर पाणी येतं. तीच जमीन पेव्हर ब्लॉक, आरसीसी रोड आणि गच्च्यांनी भरली, कोइफिशियंट ०.८ झाला, की तेच १.३३ घनमीटर. अडीचपटीपेक्षा जास्त, आणि पाऊस मिलिमीटरभरसुद्धा वाढलेला नाही. आता पावसाचे ६० चे ६४ करा आणि पुन्हा काढा. मुलाला दोन ओळीत कळेल की आकाशातून किती आलं आणि आपण स्वतः किती आणलं, आणि दोन्ही एकत्र आल्यावर जुन्या पाइपाचं काय होणार.

शहराच्या कांसा, म्हणजे नैसर्गिक नाले, बघा. भूखी, रूपारेल, मसिया, जुन्या लोकांना नावं पाठ आहेत. बडोद्याचं पावसाचं पाणी वाहून न्यायला ही निसर्गाचीच व्यवस्था होती, आणि नदीच्या काठची कोतरं, म्हणजे घळी, ही पुराचं पाणी पसरायची जागा. कुठे कांसेवर स्लॅब पडला, कुठे तिची रुंदी अर्धी झाली, कोतरांत भराव टाकून प्लॉट पाडले. २०२५ च्या उन्हाळ्यात नदी रुंद-खोल करायचं मोठं काम झालं, ते चांगलं की अपुरं यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत आणि मला इथे त्या वादात जायचं नाही, पण हे काम चालू असताना किती कॉलेजांनी आपली मुलं तिथे नेली? क्रॉस सेक्शन आधी काय, नंतर काय, मॅनिंगचा 'एन' (पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा) किती बदलला, उकरलेली माती कुठे गेली, काठ काँक्रीटने बांधला तर काय आणि मातीचा उतार ठेवून झाडं लावली तर काय. या नदीत शेकड्यांनी मगरी आहेत, त्यांची बिळं त्याच काठात असतात, तेव्हा बँक प्रोटेक्शनचं डिझाइन करताना बिळं, अंडी घालायचा मोसम, झाडोरा हेसुद्धा डिझाइन डेटाच आहे. जगात किती शहरांच्या सिव्हिलच्या मुलांना अशी चालतीबोलती लॅब कॉलेजच्या दारात मिळते?

रिटर्न पिरियडबद्दल थोडं जास्त लिहिते, राहवत नाही म्हणून. केंद्र सरकारचं २०१९ चं स्टॉर्म वॉटरचं मॅन्युअल आहे, सीपीएचईईओ या त्यांच्या पाणी-मलनिस्सारणाच्या संस्थेचं. त्यात मोठ्यातल्या मोठ्या शहराच्या मध्यभागासाठीसुद्धा पाच वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरायला सांगितलाय, लहान शहरांना आणि बाहेरच्या भागांना त्याहून कमी. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटरची होती आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, हे तर आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. म्हणजे लाइन कितीही नीट टाकली तरी काही वर्षांनी ती भरून वाहणार हे डिझाइनमध्येच धरलेलं आहे. मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असा की भरून वाहिल्यावर ते पाणी जाणार कुठून? रस्त्याच्या कडेने वाहून खोलगट बागेत साठणार, की कुणाच्या स्वयंपाकघरात? हा प्रश्न मी एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. पाइपाचा डाया विचारतात, पाइप हरल्यानंतरचं विचारत नाहीत. ॲडॅप्टेशन, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं, शिकवायचं म्हणजे मला विचाराल तर अर्ध्याहून जास्त हेच आहे.

तसंच रिस्कचं. फॉर्म्युला सिलॅबसमध्ये आहे, मुलं तो लिहूनही येतात. पण पन्नास वर्षं टिकणाऱ्या पुलासाठी पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर धरला तर त्याच्या आयुष्यात तो पूर कधीतरी ओलांडला जायची शक्यता ६४ टक्के निघते, हे उत्तर काढल्यावर वर्गात दोन मिनिटं थांबून यावर बोलायला हवं. बहुतेक मुलांना वाटतं की पन्नास वर्षांचा पूर म्हणजे एकदा आला की आता पन्नास वर्षं निवांत. बडोद्याने २०१९ आणि २०२४ पाहिलंय, त्यांना हे पटकन समजेल.

आता घराच्या पातळीवरचं सांगते, कारण धरणं-पूल सगळ्यांच्या हाती येत नाहीत पण चार मजली बिल्डिंग प्रत्येक सिव्हिलवाल्याच्या हाती येते. २०२४ चं पाणी ओसरल्यावर एका सोसायटीत पाहणीला गेले होते. भिंतीवर चिखलाची रेघ छातीपर्यंत. मीटरची पेटी त्या रेघेच्या चार बोटं खाली, सगळे मीटर गाळाने भरलेले, लिफ्टचा पिट तुडुंब, त्यामुळे वर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना उतरता येईना. जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं झाकण फरसबंदीच्या लेव्हललाच, पुराचं पाणी आणि गटाराचं पाणी सरळ आत, म्हणजे चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही. तळमजल्याच्या संडासातून घाण उलटी वर आलेली, कारण बाहेरचा चेंबर भरला आणि लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नाही. यातली एकही दुरुस्ती महागडी नाही हो. मीटर पहिल्या मजल्यावर किंवा निदान उंच ओट्यावर घ्यायचे, टाकीच्या तोंडाला दीड-दोन फूट कठडा आणि घट्ट झाकण, ड्रेनेजला व्हॉल्व्ह, पंपाचा स्टार्टर उंचावर, लिफ्ट पुरात वरच्या मजल्यावर थांबेल अशी सेटिंग. बिल्डिंग ड्रॉइंगच्या सबमिशनला मुलं जे चार-पाच शीट काढतात त्यातल्या एका शीटवर फक्त एवढं मागा, तुझ्या प्लॉटवर २०२४ चं पाणी आलं तर ही बिल्डिंग कशी वागेल ते सेक्शनवर दाखव. एक लाल रेघ मारायची आणि तिच्या खाली काय काय आहे ते बघायचं. यासाठी नवा प्रोफेसर लागत नाही, नवं सॉफ्टवेअर लागत नाही.

काँक्रीटकडे वळते. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा असतो, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त भट्टीच्या इंधनातून येत नाही, चुनखडी भाजली की तिच्यातूनच निघतो, त्यामुळे भट्टी सोलरवर चालवली तरी तो राहतोच. हे केमिस्ट्रीचं समीकरण मुलांना बारावीपासून येतं. मग मिक्स डिझाइनच्या शेवटी एक ओळ वाढवा: या मिक्सच्या एक घनमीटरमागे कार्बन किती? एम २५ या नेहमीच्या काँक्रीटला साधारण ३५० किलो सिमेंट, सगळं ओपीसी, म्हणजे साधं सिमेंट, असेल तर किलोमागे ०.८ ते ०.९ किलो, म्हणजे घनमीटरला ३०० किलोच्या आसपास. हजार स्क्वेअर फुटाचा पाच इंची स्लॅब धरला तर साडेतीन टन. तेच ३० टक्के फ्लाय ॲश (कोळशाची राख) मिसळलेलं पीपीसी सिमेंट वापरलं तर जवळजवळ तेवढ्याच टक्क्यांनी खाली येतं. एस्टिमेटिंगच्या शीटमध्ये रेटच्या शेजारी हा एक कॉलम काढायला कितीसा वेळ लागणार? पण, आणि हे पण फार महत्त्वाचं आहे, पीपीसीचं कौतुक करून सोडून देऊ नका. काँक्रीटचं स्टँडर्ड आयएस ४५६ अशा ब्लेंडेड सिमेंटला कमीत कमी दहा दिवस क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, सांगतं, ओपीसीला सात. साइटवर काय होतं? सेंटरिंग लवकर सोडायची घाई, मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी मारलं तरी खूप, आणि विचारलं की कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "बेन, चालशे." कार्बन वाचवला आणि क्युरिंग खाल्लं तर वीस वर्षांत सळ्या गंजून स्लॅब उघडा पडणार आणि तोच स्लॅब पुन्हा घालावा लागणार, मग वाचला कुठे कार्बन? दोन्ही गोष्टी एकाच तासाला शिकवा, वेगवेगळ्या विषयांत नको. एलसी३ म्हणून जे चुनखडी आणि भाजलेल्या मातीचं सिमेंट आहे, ज्यावर आपल्या आयआयटींनी खूप काम केलंय, त्याला बीआयएसचं स्टँडर्डही २०२३ मध्ये आलं. बाजारात ते सररास मिळेपर्यंत आजची मुलं साइट इंजिनिअर झालेली असतील, त्यांनी नाव तरी ऐकलेलं असू दे.

उन्हाचं थोडक्यात. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेवर जास्त मृत्यू झाले, त्यानंतर २०१३ मध्ये तिथे देशातला पहिला हीट ॲक्शन प्लॅन आला, आपल्यापासून दोन तासांवर. स्लॅबवर दुपारी दोन वाजता उभं राहिलेल्या मजुराचा प्रश्न हा कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचा प्रश्न आहे, बार चार्ट करताना एप्रिल-मे मध्ये बारा ते चार काम बंद धरून चार्ट करायला लावा, मग मुलांना कळेल की कालावधी किती वाढतो आणि टेंडरमध्ये तो आधीच धरायला हवा. हॉट वेदर काँक्रीटिंगचं आयएस ७८६१ चाळीस डिग्रीच्या वरच्या कामासाठी आहे, म्हणजे आपल्याकडे तो अपवाद राहिलेला नाही, उन्हाळ्याचा नेहमीचा कोड झाला. आणि वरच्या मजल्याची गच्ची पांढरी करणं, चुन्याने का होईना, हे एका उन्हाळ्यात मुलं थर्मामीटर घेऊन स्वतः मोजू शकतात.

सॉइलवाल्या सरांना एकच सांगणं. आपली काळी माती. पाऊस महिनाभर दडी मारतो आणि मग एकदम कोसळतो, असं वरचेवर व्हायला लागलं तर फुगणं-आकसणं वाढणार हे उघड आहे. अंडररीम्ड पाइलची (खाली फुगवटा असलेल्या पायाच्या खांबाची) साडेतीन मीटरची लांबी मुलं पाठ करतात, ती साडेतीनच का, आणि कोरडेपणा आणखी खाली गेला तर काय, ही चर्चा वर्गात होऊ दे. भिंतींना तिरक्या भेगा पडलेली घरं शोधायला कुठे लांब जावं लागत नाही.

दुरुस्ती आणि तपासणी या विषयाला आपल्या सिलॅबसमध्ये जागाच नाही म्हटलं तरी चालेल. ९ जुलै २०२५ ला पादऱ्याजवळचा मही नदीवरचा गंभीरा पूल पडला, १९८५ चा पूल, किमान वीस माणसं गेली. त्या दिवशी आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाला जे वाटलं ते शब्दात सांगता येत नाही. त्याची कारणं चौकशीत निघतील तशी निघू देत, मला म्हणायचंय ते एवढंच की आपण मुलांना नवं बांधायला शिकवतो, चाळीस वर्षांच्या पुलाच्या बेअरिंगकडे कसं बघायचं, भेग मोजायची कशी, रिपोर्टमध्ये काय लिहायचं आणि 'वाहतूक बंद करा' असं कुणाच्याही दबावाला न जुमानता लिहायचं कधी, हे शिकवत नाही. आणि जे बांधलेलं आहे ते आणखी तीस वर्षं सुरक्षित चालवणं यासारखी कार्बनची बचत दुसरी नाही. जास्त पाऊस, जास्त ऊन, जास्त वाहतूक हे सगळं जुन्याच बांधकामांवर येणार आहे.

आता तुमच्या अडचणी. मला त्या माहीत आहेत, माझ्या बरोबरीचे कितीतरी जण शिकवतात. निम्म्या जागा टेम्पररी, पंधरा आठवड्यांचं सेम, त्यात मिड-सेम, टेकफेस्ट, एनबीएच्या फायली. सिलॅबसमध्ये एक ओळ बदलायची तर अभ्यास मंडळ, फॅकल्टी बोर्ड, अकॅडेमिक कौन्सिल. म्हणून मी नवं काही भरा असं म्हणत नाही, जुनं काढा म्हणते. वर्किंग स्ट्रेस मेथड या डिझाइनच्या जुन्या पद्धतीवर अजून आठवडे जातात, कोडने ती २००० सालीच मागे परिशिष्टात टाकली. हार्डी क्रॉसची (पाइपांच्या जाळ्यातला प्रवाह काढायच्या रीतीची) हाताने चार-चार इटरेशनं, ड्रॉइंगची कॉपी करून काढलेली शीटं, यातून जो वेळ निघेल तो पुरेसा आहे. आणि प्रश्न बदलायला तर कौन्सिलसुद्धा लागत नाही, इंटर्नल आणि व्हायवा तुमच्याच हातात आहेत. उदाहरणादाखल एक लिहिते: "सोबत आपल्या शहरातल्या गेजचा पावसाचा डेटा दिला आहे. समा भागातल्या एका प्लॉटसाठी डिझाइन इंटेन्सिटी तुम्ही ठरवा, ती का धरली ते दहा ओळीत लिहा, आणि तुमची लाइन भरून वाहिली तर पाणी कुठून कुठे जाईल ते साइट प्लॅनवर बाणांनी दाखवा." यात एकच बरोबर उत्तर नाही, तपासायला त्रास होईल हे मान्य. पण दोन मुलांची उत्तरं सारखी आली तर कॉपी लगेच कळेल हा फायदाही आहे.

बडोद्याला हे नवं नाही म्हणून जास्त अपेक्षा आहे. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, गज्जर सरांसारख्या माणसाच्या हाती दिलं, तेव्हा या राज्याला ज्या विद्येची गरज आहे ती लोकांच्या भाषेत आणि हाताने करून शिकवायची हा विचार होता. दोन वर्षांत आजव्याचं पाणी नळाने शहरात आलं, आणि पुढे छप्पन्नियाचा, म्हणजे संवत १९५६ चा, दुष्काळ पडला तेव्हा तो तलाव उभा होता. लाख-सव्वा लाख वस्तीच्या शहरासाठी ज्यांनी केलं त्यांनी त्या दिवसापुरतं पाहिलं नव्हतं. आजही पूर्व भाग ते पाणी पितो. राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव तर त्याच्याही पाचशे वर्षं आधीची, पाणी वर-खाली झालं तरी पायऱ्यांनी पोचता येतंच, हे डिझाइन सर्व्हेच्या कॅम्पला मोजायला न्यायचं सोडून आपण मुलांना मैदानात फ्लॅगपोलची उंची काढायला लावतो.

शेवटचं मागणं आणि हे सगळ्यात सोपं आहे. प्रत्येक कॉलेजच्या गच्चीवर एक सेल्फ-रेकॉर्डिंग रेनगेज बसवा, सांभाळायची जबाबदारी दुसऱ्या वर्षाच्या मुलांवर द्या, आणि पाच-पाच मिनिटांचा पाऊस सगळ्यांना खुला ठेवा. मांजलपूरला ऊन आणि छाणीला धो धो असं या शहरात होतंच, आमच्यासारख्या डिझाइन करणाऱ्यांना असा जागोजागचा डेटा सोन्यासारखा आहे आणि मुलांना आपण मोजलेला आकडा कुणीतरी खरंच वापरतंय हे दिसेल. पावसाळ्याआधी बसली तर पहिलं वर्ष वाया जाणार नाही. बसवायला, कॅलिब्रेट करायला मी आणि माझ्या ऑफिसची मुलं येऊ, खर्चाचं अडत असेल तर एक गेज आमच्याकडून. आमच्याकडे जमलेल्या लेव्हल्स, २०२४ च्या पाण्याच्या खुणा, कॉन्टूर शीटं, ज्या देता येतात त्या सगळ्या द्यायची तयारी आहे. शनिवारी आमचं अर्धा दिवस असतं, दुपारनंतर मुलांना घेऊन भूखी कांसेवर या, मी बरोबर चालेन, फक्त मुलांना गमबूट आणि स्टाफ-लेव्हल घेऊन यायला सांगा.

आपली नम्र,
पावसाळी पाण्याच्या लाइनी करणारी एक सिव्हिल इंजिनिअर
दांडिया बाजार, बडोदा